चांदीचं औषध, काळे दात

दुधाचे दात पडणारच असतात, ही बातमी मला निम्म्या पनवेलनं दिलेली आहे. लिफ्टमध्ये दिली, शेअर रिक्षात दिली, कोळणीनं बोंबील साफ करता करता दिली. जणू मला ते ठाऊकच नव्हतं, जणू मी जन्मले तीच बत्तीस दात घेऊन. पडणारच आहेत तर कशाला एवढी यातायात करतेस, असं म्हणायचं आणि आपल्या वाटेनं चालू लागायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. जेवताना पोर मान वाकडी करून एकाच बाजूनं भाकरी का चावते, थंड पाण्याचा पेला तोंडाला लावून तसाच परत का ठेवते, हे बघायला त्यांच्यापैकी कोणी आमच्या घरी येत नव्हतं.

माझी लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. वरच्या पुढच्या दातांवर आधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली. मला ती दुधाची साय वाटली, मी बोटानं पुसली. मग ती रेघ पिवळी झाली, मग तपकिरी, आणि मग दात तिथून झिजायलाच लागले. मागे एका दाढेला खड्डा पडला होता, त्यात काल खाल्लेलं आज सापडायचं. दोष बाटलीचा. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून ती झोपायची आणि ते दूध दातांवर तसंच राहायचं. बाटली कोणी लावली, साखर कोणी घातली, यावर आमच्या घरात एक अख्खा रविवार गेला. मी सकाळी ऑफिसला बेलापूरला जाते, नवरा तळोज्याला कंपनीत, दिवसभर पोर सासूबाईंकडे. त्यामुळे त्या म्हणाल्या, रातची बाटली तुमी देता. मी म्हणाले, दुपारची तुम्ही देता. नवरा म्हणाला, आमच्या घराण्यातच दात खराब आहेत. हे म्हणताना तो भांडण मिटवतोय असं त्याला वाटत होतं.

पहिल्या डॉक्टरांकडे गेलो ते खारघरला. मोठा दवाखाना, मुलांसाठी वेगळी खोली, छतावर ढग आणि जिराफ रंगवलेले. जिराफ बघून पोर खुर्चीत बसली, पण चकचकीत हत्यारं दिसल्याबरोबर तिनं ओठ मिटले. मग तिथल्या दोन मुलींनी तिचे हात धरले, एकीनं डोकं धरलं आणि डॉक्टरांनी गालात अंगठा घालून तोंड उघडलं. फक्त बघायला. अजून काहीच करायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. पोर अशी किंचाळली की बाहेर बसलेलं दुसरं मूल रडायला लागलं. ती तिथेच ओकली. डॉक्टर हात धुऊन शांतपणे म्हणाले की मूल सहकार्य करणारं नाही, हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच वेळी करून टाकू, काही कोरून भरू, एखादा काढू. "तिला काही कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले.

कदाचित ते बरोबरही असतील. काही मुलांना तसंच करावं लागतं, हे मला नंतर कळलं. पण मी मात्र त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं की दुसरा कुठला मार्ग असेल तर मी तो शोधणार. भूल नको, कोरणं नको आणि मुख्य म्हणजे माझ्या पोरीचं तोंड परत कोणी असं धरून उघडायचं नाही. बाकी दात काळे पडोत, निळे पडोत.

आणि ते खरोखर काळेच पडले.

दुसऱ्या डॉक्टर नवीन पनवेलमध्ये आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर छोटीशी जागा, जिराफ वगैरे काही नाही. माझ्यापेक्षा वयानं लहान वाटल्या. पहिल्या भेटीत त्यांनी पोरीच्या हातात आरसा दिला आणि स्वतःचे दात मोजायला सांगितले. तिला पाचपर्यंतच आकडे येत होते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा पाचपर्यंत मोजत राहिली आणि डॉक्टर बाजूनं डोकावून बघत राहिल्या. एवढंच. मग मला म्हणाल्या की यात कोरायची गरज नाही. चांदी असलेलं एक पातळ औषध मिळतं, ते किडलेल्या जागेवर लावायचं, कीड तिथेच मरते आणि दात टणक होतो. सहा महिन्यांनी परत लावायचं. दाढेवर स्टीलची टोपी नुसती दाबून बसवायची, सुई नाही, मशीन नाही.

"फक्त एक आहे," त्या म्हणाल्या, "किडलेला भाग कायमचा काळा पडतो. डांबरासारखा काळा. पुढचेच दात आहेत, दिसणार. आईबाबांना हे आवडत नाही, म्हणून आधीच सांगते."

"आणि मुलांना?"

"मुलांना काही वाटत नाही. निदान कोणी काही बोलेपर्यंत तरी."

त्यांनी मोबाइलवर एका मुलाच्या नुसत्या दातांचा फोटो दाखवला. मी तो दोनदा मोठा करून बघितला. पण हो म्हणाले. संध्याकाळी नवऱ्याला फोटो दाखवला तर तो बराच वेळ फोन जवळ-लांब धरत राहिला आणि मग म्हणाला, "वाढदिवसाच्या फोटोत कसं दिसेल ग?" मी म्हटलं, हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो कसा दिसेल ते सांग. तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं म्हणजे संमती असं मी लग्नापासून धरून चालले आहे, नाहीतर आमच्या घरात साधा पंखासुद्धा लागला नसता.

औषध लावायला एक गाणं म्हणण्याइतकाही वेळ लागला नाही. ओठांना व्हॅसलीन, दाताच्या बाजूला कापसाची वळी, आणि काडीच्या टोकावरच्या इवल्याशा ब्रशनं एकेक थेंब. पोर माझ्या मांडीवर आडवी पडून आपणहून आ करून होती. चव आवडली नाही, नाक मुरडलं, पण रडली नाही. आठवड्याभरानं दाढेवर टोपी बसवली तेव्हा डॉक्टरांनी तिला चणा फोडतेस तसं दाताखाली दाब म्हणून सांगितलं आणि तिनं दाबलं. चार-सहा दिवस चावताना तिला ते उंच लागलं, मग विसरली. मी घरी येऊन पंधरा मिनिटं बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आनंदानं रडले, स्पष्टच सांगते. इतकं सोपं असतं आणि हे कोणी सांगत नाही, याचा संतापही त्यात होता.

औषध लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचे चारही दात काळे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून काळे. ती हसली की तोंडात मधोमध खिडकी उघडल्यासारखं दिसायचं. पण भाकरी ती दोन्ही बाजूंनी चावायला लागली होती, माठातलं पाणी घटाघटा प्यायला लागली होती. तेवढं मला पुरेसं होतं. लोकांना नव्हतं. चॉकलेट खाते वाटतं, ब्रश करत नाही वाटतं, लोहाचं टॉनिक दिलं का ग, आमच्या भाच्याचे एका दिवसात पांढरे करून दिले. प्रत्येकाला मी औषध समजावून सांगायची. चांदी, कीड, टणक, सहा महिने. माझं ऐकून घेताना सगळे पोरीच्या तोंडाकडे बघायचे आणि पोर माझ्याकडे बघायची.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या मूळच्या बेलपाड्याच्या. खारघर व्हायच्या आधी ते गाव होतं, भात आणि खाडी, असं त्या सांगतात. आता त्यांचं माहेर शोधायला मॉलच्या मागून जावं लागतं. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे असतात. कामाला वाघ आणि नातीवर जीव. आणि त्या मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांवर घासत बसायची, सकाळी एकदा आणि दुपारी भांडी झाल्यावर एकदा. त्यांच्या वयाच्या बहुतेक बायका लावतात. भाजण्यासाठी त्यांचा वेगळा तवा आहे. तो गॅसवर चढला की आमच्या मजल्यावरची सगळी दारं धडाधड बंद होतात. पन्नासेक वर्षं घासून त्यांचे दात हिरडीपर्यंत काळे झालेले आहेत.

आलं लक्षात? माझ्या नाही आलं. शाळेतल्या बाईंच्या आलं.

एक दिवस सुट्टी काढून मी पोरीला आणायला गेले तर बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज उगाच हळू केला. "वाईट वाटून घेऊ नका, पण घरी तिला कोणी मशेरी लावतं का? आजी येतात ना न्यायला, त्यांचे बघितले मी. तुमच्या सासरकडच्या लोकांमध्ये असतं ना ते." आमचं सासर आगरी आहे हे त्यांना माहीत होतं आणि ते 'लोकांमध्ये' त्यांनी चिमटीत धरून उचलल्यासारखं उच्चारलं. मी पुन्हा चांदी, कीड, टणक, सहा महिने म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो का? असं काही असतं?" आणि हसल्या. ते हसणं मी अजून विसरलेले नाही. बीए-बीएड झालेल्या बाईला चांदीचं औषध पटत नव्हतं, पण चार वर्षांच्या मुलीला आजी बसवून तंबाखू घासते हे लगेच पटत होतं.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगून टाकलं. रागात होते, मला कुणाला तरी सांगायचंच होतं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"मी पोरीला मशेरी देईन? येडी हाय का मी? माजी नात हाय ती."

"अहो आई, मी म्हणतेय का तसं? ती बाई म्हणते."

"मंग तू काय बोललीस तिला?"

मी औषधाचं सांगितल्याचं सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि परत भाजी निवडायला लागल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेच्या फाटकापाशी पदर तोंडावर धरून उभ्या राहायला लागल्या. धूळ फार हाय, असं म्हणायच्या.

वर्गातल्या मुलांनी मात्र तोवर 'घाण दात' असं नाव पाडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तो दिवस आला. पोर हसताना तोंडावर हात ठेवायला लागली. आधी फक्त शाळेत, मग घरीही. कार्टून बघताना एकटीच हसायची तरी हात तोंडावर. मला डॉक्टरांकडे जाऊन सगळं खरवडून पांढरं करा म्हणावंसं वाटलं, इतका वैताग आला होता. फोनवर तसं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, पांढरं भरता येईल, पण त्यासाठी मशीन लावावं लागेल, ती थोडी मोठी होऊ द्या. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

तोडगा काढला तो सासूबाईंनी. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर दोघी कपाटाच्या आरशासमोर उभ्या. सासूबाईंनी दोन्ही ओठ बाजूला करून आपले दात दाखवले होते आणि पोरीला म्हणत होत्या, "बग, तुजे काले नि माजे पन काले. आपुन दोगी येकसारख्या. तुज्या आयेचे बग कसे पांडरे, भुतासारके." पोर खदखदून हसली. हात तोंडावर गेला नाही. मी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता दारात उभी राहिले आणि मला सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. भुतासारखे तर भुतासारखे.

त्यानंतर तो दोघींचा खेळच झाला. मी नि आजी, आम्ही मशेरीवाल्या, असं पोर सगळ्यांना सांगायला लागली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंना तिनं आपणहून तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाली, "मी पण मशेरी लावते." त्या बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी तळमजला येईपर्यंत सहन केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण काय बोलणार? पोर हसत होती. लोकांना जे वाटायचं ते वाटो, असं मी स्वतःला रोज बजावत होते, आणि रोज चिडत होते.

मग तो शनिवार आला. मला सुट्टी होती. सासूबाई जेवण करून आडव्या झाल्या होत्या, नवरा गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता, मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. घर फार शांत आहे हे लक्षात आलं तेव्हा मी आत आले. पोर सासूबाईंच्या खाटेखाली बसली होती, मांडीवर मशेरीची डबी. सासूबाई घासतात तसंच, पहिलं बोट आत घालून ती दातांवर घासत होती. हनुवटीवरून काळी लाळ गळत होती. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा पिवळा पडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. मी तिला ओढून बाहेर काढली आणि बेसिनपाशी नेली. थुंक म्हणाले. ती थुंकेना, घाबरून गिळायला लागली. मग मी तिला काखेत दाबली, गालात अंगठा घातला आणि तोंड उघडलं. ओल्या फडक्यानं आतून पुसून काढलं, जीभ, गाल, दात, हिरड्या. ती चावली, मी तरी सोडलं नाही. ती किंचाळली, मी दुसरं फडकं घेतलं. सासूबाई मागे उभ्या राहून "अगो सोर तिला, सोर" म्हणत होत्या आणि मी त्यांना कोपरानं ढकललं. मग पोर ओकली, अंग गार पडलं, आणि आम्ही दोघी तिला घेऊन तशाच रिक्षात बसलो.

बालरोगतज्ज्ञांनी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. नाडी बघत राहिले. पोटात फार गेलेलं नव्हतं. तोंड लगेच पुसलंत ते फार चांगलं केलंत, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण माझ्या घरात ते कोणी मोजत नाही.

घरी आल्यावर मी डबी कचऱ्यात टाकली. तवाही टाकणार होते, नवऱ्यानं हातातून काढून घेतला. मग मी सासूबाईंवर ओरडले. पन्नास वर्षांचा साठा असल्यासारखी ओरडले, माझं लग्न होऊन जेमतेम सहा वर्षं झाली असताना. तुमचं हे घाणेरडं व्यसन, तुमचा तो खेळ, एकसारख्या म्हणे, शाळेतली बाई बोलली ते शेवटी खरं करून दाखवलंत. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं नवरा नंतर म्हणाला. त्याला नंतर नेहमी सुचतं.

सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "डबी वर ठेवली नाय, ती माजी चूक. मना पन कलतं. पन पोरीचं तोंड असं धराचं नवतं गो."

"तंबाखू होती तिच्या तोंडात. मग काय आरती ओवाळायची होती?"

"मी बोलली असती तर तिनं थुकली असती."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी तरी काय करणार? पोरीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं आणि त्यांच्याइतकं कोणी सांभाळलंही नसतं. सोमवारी सकाळी मी ऑफिसला गेले आणि त्या नेहमीसारख्या पोरीला शाळेत घेऊन गेल्या. मशेरी घरातून गेली. आता त्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन लावतात. मला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. वर येताना साबणानं हात धुऊन येतात.

पण त्या शनिवारपासून पोरीनं माझ्यासमोर तोंड उघडणं बंद केलं. बोलायची, जेवायची, सगळं करायची. मी ब्रश घेऊन समोर गेले की मात्र ओठ मिटलेच. आधी मला वाटलं, आठ दिवसांत विसरेल. मुलं विसरतात असं सगळेच सांगतात, दुधाचे दात पडतात हे सांगणारेच. मी गाणी म्हटली, बाहुलीचे दात घासले, लाच म्हणून स्टिकर आणले. ती स्टिकर घ्यायची आणि ओठ मिटायची. सासूबाई मोरीतून हाक मारायच्या, "ये गो, आ कर," की ती पळत जायची. तिकडून चूळ भरल्याचे आवाज यायचे, दोघींचं हसणं यायचं. मी गेले की हसणं थांबायचं. तेव्हापासून दोन वेळचं ब्रश करणं त्यांच्याकडेच गेलं. मी पेस्ट आणून देते.

सहा महिने झाले आणि पुन्हा औषध लावायची तारीख आली. आम्ही तिघी गेलो. सासूबाईंना दवाखान्याच्या वासानं गरगरतं म्हणून त्या बाहेर बाकावर बसल्या, मी पोरीला घेऊन आत गेले. डॉक्टरांनी आरसा दिला. तिनं घेतला नाही. मागच्या वेळी माझ्या मांडीवर आडवी पडून आपण होऊन आ करणारी पोर खुर्चीच्या टोकाला चिकटून बसली होती. डॉक्टर गोड बोलल्या, गोष्ट सांगितली, स्वतःचे दात दाखवले. मग त्यांनी पोर कुठे बघतेय ते बघितलं. मीही बघितलं. ती डॉक्टरांच्या ब्रशकडे बघत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

डॉक्टरांना त्या शनिवारचं काही माहीत नव्हतं. त्या नुसतं म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का? आजींना पाठवा."

मी बाहेर आले. सासूबाई पदर सावरत आत गेल्या. दाराला अर्धी दुधी काच होती, त्यातून आकृत्या दिसत होत्या. सासूबाई खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीच आधी मोठा आ केला. लगेच दुसरी, छोटी आकृती मागे रेलली. बाहेर मला रिसेप्शनवरची मुलगी विचारत होती की पाणी हवं का. नको म्हणाले. मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

पंधराएक मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या, खूश होत्या. कीड पूर्ण थांबलीय, म्हणाल्या. दात अगदी दगडासारखे झालेत, टोपीही छान बसलीय, हिरड्या स्वच्छ आहेत. आता पक्के दात येईपर्यंत काळजी नाही, कोरायचं काम नाही, भूल तर नाहीच. "तुमचा निर्णय बरोबर होता," असंही म्हणाल्या. मी शाळेतल्या बाईंना, लिफ्टमधल्या बाईंना, खारघरच्या डॉक्टरांना, नवऱ्याला, सगळ्यांना जे समजावत आले ते सगळं खरं ठरलं होतं.

पोर आजीचा हात धरून बाहेर आली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, हात मागे बांधून, आणि म्हटलं, "दाखव बघू मला." तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि सासूबाईंच्या पदरामागे गेली. सासूबाई तिला म्हणाल्या, "दाव गो आयेला, आये हाय ती." तिनं पदरातूनच नाही म्हणून मान हलवली.

कीड थांबली आहे असं डॉक्टर सांगतात, सासूबाई सांगतात, नवरासुद्धा सांगतो, त्यानं टॉर्च लावून बघितलंय. मी अजून बघितलेलं नाही.